दहा महिने, सात जेवणं: सड्यावरच्या फ्रेंच हॉटेलचा अनुभव

पहिल्यांदा जाऊन आल्या आल्या लिहायला बसलो असतो, तर पाचपैकी पाच दिले असते. जूनमध्ये लिहिलं असतं तर दोन, आणि तेही गच्चीवरून दिसणाऱ्या खाडीचे. म्हणून थांबलो. गेल्या ऑक्टोबरपासून या ऑगस्टपर्यंत सात वेळा तिथे जेवलो, सातही वेळा पदरचे पैसे मोडून. आता एवढं नक्की सांगू शकतो की या हॉटेलात काय खायचं हे नंतर बघा, कधी जायचं ते आधी ठरवा.

नाव मुद्दाम देत नाही. मालकांशी आता तोंडओळख झालीय आणि खाली तक्रारीही आहेत.

जागा रत्नागिरीत, वरच्या अंगाला सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. शेवटचा वळणाचा चढ अंधारात जपून चढवा, गाडी लावायला जागा भरपूर आहे. आत दहा-बारा टेबलं, बाहेर गच्चीवर सात. गच्चीवर बसलात की डाव्या हाताला काजळीची खाडी, भाट्याचा पूल, राजिवड्याची दाटीवाटीची घरं, समोर मांडवी आणि उजवीकडे लांबवर रत्नदुर्गावरचं दीपगृह. फोनवर ‘सिटी व्ह्यू टेबल हवंय का’ असं विचारतात तेव्हा मला दर वेळी हसू येतं. आमच्या रत्नागिरीला सिटी म्हणणारा हा पहिलाच माणूस. पण दिवे लागले की खरंच नाव ठेवू नये असं दिसतं. आणि खरा देखावा शहराचा नाहीच, त्याच्या पलीकडचा आहे. मासेमारीच्या दिवसांत समुद्रावर नौकांचे दिवे लागतात आणि पाण्यावर दुसरं गाव वसल्यासारखं वाटतं.

पहिली भेट ऑक्टोबरच्या शेवटी, लग्नाच्या वाढदिवसाला. बायकोने हौसेने गच्चीवरचं कडेचं टेबल सांगून ठेवलेलं. मागवलं ‘सोल मनिएर’. मनिएर म्हणजे गिरणीवाल्याची बायको. मासा पिठात घोळवून लोण्यात परतायचा, वर लिंबू आणि पार्सली, संपलं. पिठाचं काम म्हणून गिरणीवालीचं नाव. पहिला घास घेतला आणि दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. चव ओळखीची होती. वेटरला विचारलं तर तो जरा ओशाळून म्हणाला, “सर, लेपा आहे. सकाळी मिरकरवाड्यावरून आणलेला.”

लेपा! चपटा, दोन्ही डोळे एकाच बाजूला असलेला, घरी सुरमई-पापलेट मिळालं नाही की नाइलाजाने आणायचा मासा. बाजारात बाई वाटा लावून देते तेव्हा आपण घासाघीस करतो, आणि इथे एका ताटलीचे नऊशे. पण फ्रेंच ज्याला सोल म्हणतात तो याच्याच जातकुळीतला, आणि तिकडे त्याची केवढी प्रतिष्ठा. आपण तो तांदळाच्या पिठात नाहीतर रव्यात घोळवून तिखटमिठात कडक तळतो, त्यामुळे त्याची स्वतःची गोडी कधी जिभेवर आलीच नव्हती. लोणी तांबूस होऊन खमंग वास सुटेपर्यंत थांबायचं आणि त्याच क्षणी लिंबू पिळायचं, एवढ्यावर त्या लेप्याचं सोनं झालेलं. नऊशे रुपये मी आजवर कुठल्या लेप्याला आनंदाने दिले असतील तर याच.

शेफ मूळचा इकडचाच, संगमेश्वराकडचा. बारा वर्षं क्रूझवरच्या भटारखान्यात होता. आपल्याकडची मुलं जहाजावर जातात आणि परत आली की बंगला बांधतात. हा परत येऊन सॉस ढवळतोय. मासा बघायला स्वतः पहाटे बंदरावर जातो, आणि मेन्यू कार्डावर नसलेला एखादा पदार्थ फळ्यावर खडूने लिहिलेला असतो. तो फळा आधी वाचा. छापील कार्ड मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांसाठी आहे असं माझं मत झालंय.

फेब्रुवारीत आईला घेऊन गेलो. फळ्यावर देवनागरीत लिहिलेलं: ‘मूल मारिनियेर’. आईने चष्मा वर केला आणि म्हणाली, “मुळे आहेत म्हणजे. बरे झाले, घेऊन टाक.” मी समजावायला लागलो की मूल हे फ्रेंच नाव, काळ्या कवचाचे शिंपले असतात, वेगळे. तेवढ्यात ताट आलं आणि त्यात आपले मुळेच! खाडीत ओहोटीला बायका वेचतात तेच. पांढरी वाइन, बारीक चिरलेला कांदा, लोणी आणि झाकण ठेवून दिलेली दोन-तीन मिनिटं वाफ. आईने तळातला रस चमच्याने संपवला आणि मग म्हणाली, “खोबरं नाही तरी चालतंय हो.” आमच्या घरात याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही. वेटर सगळ्यांना ‘मॅडम’ म्हणायचं शिकलेला पोरगा, पण आईसमोर त्याचं शिक्षण गळालं. “काकी, अजून पाव देऊ रसाबरोबर?” असं त्याने विचारलं, आणि त्या दिवशीची सर्व्हिस मला सगळ्यात आवडली.

मार्चमध्ये बुयाबेस. हे फ्रान्सच्या मार्सेल बंदरातल्या कोळ्यांचं कालवण. बाजारात न खपणारे खडकाळ पाण्यातले काटेरी मासे एका भांड्यात घालून शिजवायचे, त्यात केशर आणि फेनेल, म्हणजे आपली बडीशेपच. पुढे पर्यटक आले, कुणीही कुठलाही मासा पाण्यात उकळून त्या नावाने विकायला लागला, तेव्हा १९८० साली मार्सेलच्या काही हॉटेलवाल्यांनी एकत्र येऊन कोणते मासे असले तरच बुयाबेस म्हणायचं याची सनदच केली. इथला शेफ तांबोशी, हेकरू आणि मिळेल ते खडपातलं घालतो. आधी नुसता रस्सा येतो, त्यावर लसूण-मिरचीची चटणी लावलेला भाजका पाव, आणि मासा मागाहून वेगळ्या ताटात. आपण सगळं एकदम भातावर ओतणारी माणसं, त्यामुळे पहिल्यांदा गोंधळ होतो. पण रस्सा नंबर एक. दोघांत एक मागवा, पुरतो.

आता गच्चीबद्दल. ही गोष्ट मला तीन भेटींनंतर कळली आणि कुठल्याच परीक्षणात वाचली नव्हती. इथली गच्ची आणि इथलं स्वयंपाकघर यांचं वैर आहे. फ्रेंच जेवणाचा सगळा जीव सॉसमध्ये, आणि त्यातले निम्मे सॉस लोण्याचे. ‘ब्यूर ब्लाँ’ घ्या. कांदा, वाइन आणि आंबट आटवून त्यात थंड लोणी थोडं थोडं फेटत जायचं. जास्त तापलं तर फाटतं, गार झालं तर थिजतं. मधला कोमट पट्टा अगदी अरुंद. आता हे ताट घेऊन पोरगा संध्याकाळच्या खाऱ्या वाऱ्यात गच्चीच्या टोकाला येईपर्यंत काय होणार? जानेवारीत रावसावरचा ब्यूर ब्लाँ माझ्यापर्यंत आला तेव्हा त्यावर देवघरातल्या निरांजनासारखं तूप थिजलेलं. तोच पदार्थ एप्रिलमध्ये आतल्या टेबलावर खाल्ला. आंबटाला व्हिनेगरऐवजी कोकमाचं आगळ वापरलेलं, रंग फिका गुलाबी, आणि चव अशी की बायकोने बशी पावाने पुसली. बरोबर नाशिकची शेनिन ब्लाँ वाइन घेतली होती. ती द्राक्षं मूळची फ्रान्समधल्या लवार नदीच्या खोऱ्यातली, आणि ब्यूर ब्लाँही तिकडचाच, त्यामुळे दोघांचं छान जमतं. (परतीला गाडी मेहुण्याने चालवली.)

तेव्हा माझी आताची पद्धत अशी: सूर्यास्ताला गच्चीवर बसून सरबत आणि गार काहीतरी, अंधार पडला की आत. पहिल्यांदा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. आता स्वतःच विचारतात, “सर, नेहमीसारखं?”

पाव हा दुसरा हवामानाचा बळी. ‘बागेत’, म्हणजे लांबट फ्रेंच पाव, ते स्वतः भाजतात. फ्रान्समध्ये १९९३ च्या नियमाने पारंपरिक बागेतमध्ये पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण यांपलीकडे जवळपास काही घालायला परवानगी नाही. इथेही भेसळ नाही हे चवीवरून कळतं. जानेवारीत तो कुरकुरीत होता, मोडताना आवाज यायचा. जूनमध्ये तोच वातड, चपलेच्या तळासारखा. दोष भट्टीचा नाही, आमच्या हवेचा. डब्यातला पापड जिथे संध्याकाळपर्यंत टिकत नाही तिथे बागेत काय टिकणार. पावसात पाव परत गरम करून मागा, देतात.

आणि हो, जून. मुंबईहून मामेभाऊ आला होता, त्याला मोठ्या तोऱ्यात घेऊन गेलो. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, माशांच्या विणीचा काळ म्हणून. मिरकरवाड्यात नौका ओळीने उभ्या, समुद्रावर एक दिवा नाही. त्यात धुकं आणि पाऊस, गच्ची ताडपत्रीने बंद. काचेतून स्वतःचंच तोंड दिसत होतं. फळा कोरा. छापील कार्डावर सॅमन आणि ‘सोल’. तो सोल कुठला असं विचारलं तर उत्तर आलं, “फ्रोझन आहे सर, पण क्वालिटी चांगली आहे.” ताटात कापसासारखा, पाणी सुटलेला मासा, आणि किंमत ऑक्टोबरपेक्षा शंभराने जास्त! लोणी तेच, हात तोच, आणि जेवणात अर्थ नाही. भाऊ सौजन्याने म्हणाला, “दादा, छान आहे रे.” पण त्याने अर्धं टाकलं.

माझी खरी तक्रार इथे आहे. पावसाळ्यात मासा नाही असं कोकणात होत नाही. बिगरयांत्रिक होड्यांना बंदी नसते. खाडीत बोय, काळुंदर, कुर्ल्या मिळतात, पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात. ज्या माणसाने कोकमाच्या आगळाने ब्यूर ब्लाँ केला, त्याला कुर्ल्यांचा बिस्क, म्हणजे दाट सूप, सुचू नये? तो कवचांपासूनच करतात. मी हे मालकांना सांगितलं. ते म्हणाले, पावसातल्या पर्यटकाला सॅमनच हवा असतो. असेल बुवा. मग फळ्यासारखी दोन वाक्यं दारावर तरी लिहा, की ताजा मासा ऑगस्टपासून.

शाकाहारी मंडळींसाठी थोडक्यात: कांद्याचं सूप मागू नका, तिकडे ते परंपरेने गोमांसाच्या नाहीतर कोंबडीच्या अर्कात करतात आणि इथे कोंबडीच्या. रातातुई, म्हणजे तिकडची मिसळ भाजी, बरी. बाकी मशरूम, मशरूम आणि मशरूम. पावणेतीन हजार माणशी घेऊन एवढंच देणं बरं नव्हे.

गोड. क्रेम ब्रुले साधं मागवा, वरची जळकी साखर चमच्याने टकटक करून फोडायला मजा येते. आंब्याच्या दिवसांत त्यात हापूस घालतात, तो नाद करू नका. रसाच्या पाण्याने कस्टर्ड सैल पडतं, आणि आंबाही वाया, क्रीमही वाया. रत्नागिरीत मे महिन्यात आंबा कापून समोर ठेवावा आणि गप्प बसावं.

खर्च: पाच पदार्थांचं जेवण घेतलं तर दोघांचे साडेपाच हजार, पेयं सोडून, वर ५ टक्के जीएसटी. पहिल्या दोन बिलांत १० टक्के सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला होता, मी उत्साहात भरून टाकला. तिसऱ्या वेळी बोललो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच असा चार्ज परस्पर लावायला मनाई केलीय, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलंय. वाद न घालता काढून दिला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण न बोलणाऱ्याच्या बिलात तो अजून असतो. तुम्ही बोला, आणि ते पैसे टेबलावर वाढणाऱ्या पोराच्या हातात द्या.

सातवी भेट ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात, केवळ बंदी उठली म्हणून. दर्या अजून खवळलेला, नौका निघालेल्या नव्हत्या, कोंबडी खाऊन आलो. कोंबडी उत्तम होती, पण कोंबडी खायला सडा कोण चढतो.

परवा नारळी पौर्णिमेनंतर शेफचा स्वतःचा फोन आला. “सर, लेपा आलाय. मोठा आहे, येताय का?” आमच्याकडे श्रावण. आई शेजारीच बसली होती, तिला ऐकू गेलं. तिने बोटांवर दिवस मोजले, म्हणाली, “गौरी गेल्या की मोकळं. त्याला सांग, आतलं टेबल ठेव.”