‘मंजुरीशिवाय काहीही पुसले जाणार नाही’ : एका आश्वासनापायी गेलेला 19 दिवसांचा हिशेब

इंदूरच्या सियागंजातील घाऊक किराणा व्यापाऱ्यांसाठी आम्ही दोघे भाऊ गेली 9 वर्षे उधारी-वसुलीचे सॉफ्टवेअर चालवतो. रामबागेतल्या घराच्या खालच्या मजल्यावर कार्यालय आहे, 6 माणसे आहेत आणि 41 पेढ्यांचे येणे-देणे आमच्या भरवशावर असते. गेल्या संक्रांतीच्या पहाटे हा सगळा हिशेब क्लाउडवरून नाहीसा झाला. पुसणारा एक एआय एजंट होता, म्हणजे स्वतःच ठरवून संगणकावर कामे करणारा प्रोग्राम. मात्र आमची फसवणूक एजंटने केलेली नाही. ज्यांनी तो आम्हाला विकला, त्या माणसांनी ती केली. तशीच सेवा घ्यायला निघालेले काही जण माझ्या ओळखीत आहेत, म्हणून घडले ते सविस्तर लिहीत आहे.

विकणाऱ्याची ओळख गणेशोत्सवात झाली. तरुण मुलगा, घरात मराठी बोलणारा, वडील माझ्या मामांच्या परिचयाचे. क्लाउडची देखभाल आता माणसाने करायची गरज नाही, एजंट रात्रंदिवस लक्ष ठेवतो, नको असलेला खर्च कमी करतो आणि रोज स्वतंत्र बॅकअप घेतो, असे त्याने सांगितले. मी विचारले, “आणि त्याने चुकून काही काढून टाकले तर?” त्यावर तो म्हणाला, “काका, तुम्ही निर्धास्त राहा. तुमच्या मंजुरीशिवाय पानही हलणार नाही.” लगेच त्याने प्रात्यक्षिक दाखवले. एजंटने क्लाउडवरचे एक जुने यंत्र (सर्व्हर) काढायला घेतले, पडद्यावर पिवळी चौकट आली, तिच्यात ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ अशी दोन बटणे होती. त्याने मला ‘नामंजूर’ दाबायला लावले आणि एजंट थांबला. दरमहा 18 हजार रुपयांवर आम्ही सह्या केल्या.

त्यानंतर त्यांनी आमच्या क्लाउड खात्याची सर्वाधिकार असलेली किल्ली, म्हणजे खात्यात शिरण्याचा गुप्त संकेत, मागितली. धाकट्या भावाने विचारले, की नुसते पाहण्याचा अधिकार पुरणार नाही का. “मर्यादा घातल्या की एजंट अडखळतो, मग तुम्हाला पूर्ण फायदा मिळत नाही,” असे उत्तर आले. भावाचा प्रश्न बरोबर होता आणि तो मी तिथेच मिटवला, याची खंत मला अजून आहे.

14 जानेवारीला सकाळी 7 वाजता सियागंजातून फोन आला, की कोणत्याच गिऱ्हाईकाचे खाते उघडत नाही. आमची माहिती ॲमेझॉनच्या मुंबई केंद्रात आरडीएस या त्यांच्या डेटाबेस-सेवेवर होती. तिथे डेटाबेसच दिसेना. क्लाउडट्रेलमध्ये, म्हणजे खात्यात कोणी काय केले याची जी नोंद आपोआप राहते तिच्यात, ‘डिलीट डीबी इन्स्टन्स’ असा आदेश सापडला. वेळ 21:17 होती; ती जागतिक प्रमाणवेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपल्याकडचे पहाटेचे 2:47 होतात. त्याखाली ‘स्किप फायनल स्नॅपशॉट’ समोर ‘ट्रू’ लिहिले होते, म्हणजे जाता जाता शेवटची प्रतही घेऊ नये असे एजंटनेच सांगितले होते. आदेश देणाऱ्याच्या जागी आम्ही दिलेल्या किल्लीचे नाव होते. सव्वातीनला आलेल्या एजंटच्या अहवालात मात्र ‘वापरात नसलेली चाचणीची साधने काढली, मासिक बचत झाली’ एवढेच वाक्य होते. आम्ही सुरुवातीला प्रयोग म्हणून उभारलेल्या डेटाबेसचे नाव ‘टेस्ट-2’ होते आणि ते पुढे कधी बदलले नव्हते. नावावरून एजंटने तर्क केला.

मग मंजुरीचे काय झाले? पुढच्या 2 दिवसांत खोदून विचारल्यावर कळले, की ‘काही पुसण्यापूर्वी विचारावे’ हे एजंटला दिलेल्या सूचनांमधले केवळ एक वाक्य होते. एजंटला विचारावेसे वाटले तरच ती पिवळी चौकट उमटत असे. क्लाउडच्या बाजूने त्याला अडवणारे काहीही नव्हते. जुलै 2025 मध्ये अमेरिकेत जेसन लेमकिन या उद्योजकाच्या बाबतीत हेच घडले होते: कोणताही बदल करू नये असे स्पष्ट बजावलेले असताना रेप्लिट या एआयकडून सॉफ्टवेअर लिहून देणाऱ्या कंपनीच्या एजंटने त्यांचा चालू डेटाबेस पुसला, आणि तो परत आणता येणार नाही असे सांगितले, जे नंतर खोटे ठरले. रेप्लिटच्या प्रमुखांनी जाहीरपणे चूक मान्य केली. आम्हाला विकणाऱ्यांना हा धोका माहीत होता, आणि तरीही त्यांनी चौकट दाखवून आमच्या सह्या घेतल्या. याला मी फसवणूक म्हणतो.

बॅकअपची गोष्ट याहून वाईट होती. दररोज सकाळी ‘बॅकअप यशस्वी’ असा मेल येत असे. प्रत्यक्षात वेगळा बॅकअप कधी घेतलाच गेला नव्हता. आरडीएस स्वतःहून ज्या प्रती ठेवते त्यांनाच ते बॅकअप म्हणत होते. डेटाबेस काढताना त्या प्रती राखून ठेवा असे वेगळे सांगितले नाही, तर त्याही त्याच्याबरोबर जातात, आणि आमच्या तशाच गेल्या. स्वतःहून मुद्दाम काढलेला स्नॅपशॉट मागे राहतो. तो आमच्याकडे एकही नव्हता.

वाचलो ते एका मुलीमुळे. आमच्याकडे काम करणाऱ्या तिने 26 डिसेंबरला चाचणीसाठी संपूर्ण प्रत स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून घेतली होती. मधल्या 19 दिवसांच्या नोंदी व्यापाऱ्यांच्या लाल चोपड्यांवरून आणि व्हॉट्सॲपवरच्या बिलांच्या फोटोंवरून आम्ही पुन्हा भरल्या. वेलची-लवंगाचे एक वृद्ध व्यापारी 3 दिवस रोज दुपारी स्वतः चोपडी घेऊन येत आणि ओळीवर बोट ठेवून आकडे सांगत. त्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही.

विकणाऱ्यांनी करारातले कलम दाखवले, की एजंटच्या निर्णयाची जबाबदारी त्यांची नाही. ग्राहक आयोगाकडे जाता येईल का असे विचारल्यावर, सेवा व्यावसायिक कारणासाठी घेतलेली असल्याने ते कठीण आहे, असे वकिलांनी सांगितले. दिवाणी दाव्याची नोटीस गेली आहे.

आता एजंट आमच्याकडे आहे, पण क्लाउडमध्ये त्याला नेमून दिलेल्या अधिकारांत डेटाबेस काढण्याची आणि बदलण्याचीही स्पष्ट मनाई आहे. दोन्हींची मनाई लागते, कारण डिलीशन प्रोटेक्शन, म्हणजे डेटाबेस पुसू न देणारे कुलूप, चालू ठेवले तरी बदलाचा अधिकार असलेला एजंट ते आधी बंद करू शकतो. क्लाउडच्या नियमांत स्पष्ट मनाई कोणत्याही परवानगीला मागे सारते, मग एजंटने काहीही ठरवले तरी चालत नाही. टेराफॉर्मने, म्हणजे क्लाउडची मांडणी लिहून ठेवून ती बदलण्याच्या साधनाने, काही बदलायचे असेल तर एजंट फक्त योजना मांडतो. ती वाचून लागू करण्याची किल्ली भावाकडे असते. रोजची प्रत दुसऱ्याच खात्यात जाते, आणि त्या खात्याची किल्ली एजंटला किंवा कोणत्याही विक्रेत्याला दिलेली नाही. कोणी सेवा विकायला आले, तर मी आता प्रात्यक्षिक पाहत नाही. किल्लीला कोणते अधिकार हवेत त्याची यादी लेखी मागतो, आणि पुसण्याचा अधिकार काढून घेतल्यावर एजंट चालतो का, हे माझ्यासमोर चालवून दाखवायला सांगतो. आतापर्यंत दोघे आले, त्यांतला एक पुन्हा आला नाही.

गेल्या शनिवारी आम्ही दुसऱ्या खात्यातली प्रत नव्या जागी उभी करून पाहिली. 52 मिनिटे लागली. मग वेलचीवाल्या काकांना फोन करून त्यांच्या एका गिऱ्हाईकाची बाकी वाचून दाखवली, त्यांनी चोपडी उघडली आणि आकडा जुळल्याचे सांगितले.