गोडाची तल्लफ: केळं की आइस्क्रीम?

पार्किन्सनमध्ये (कंपवातात) गोड खावंसं वाटणं नेहमीचंच. आइस्क्रीमचा छोटा स्कूप फारसं बिघडवत नाही. वाडगाभर खाल्लं, तर स्निग्धांशामुळे पोट सावकाश रिकामं होतं, दुधातली प्रथिनं लेव्होडोपाच्या (पार्किन्सनवरच्या मुख्य औषधाच्या) शोषणाच्या आड येतात आणि गोळी उशिरा लागू पडते. म्हणून गोळीनंतर निदान अर्ध्या तासाने खा. गिळायला त्रास असेल तर आणखी जपा: तोंडात वितळून पातळ झालं की ठसका लागतो.

पिकल्या केळ्यात प्रथिनं जेमतेम 1 ग्रॅम, शिवाय तंतू. कुस्करलं की गिळायलाही सोपं. आमचा कौल केळ्याला. मधुमेह असेल तर अर्धंच.

प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल ही पार्किन्सनवरची औषधं सुरू झाल्यावर खाणं आवरेनासं झालं, तर डॉक्टरांना सांगा. गोळी परस्पर बंद करू नका.