स्टॉकहोमचे स्कान्सेन : मिडसमर कुठे साजरा करावा, याचे एक उत्तर

स्वीडनमध्ये नव्याने राहायला आलेल्या माणसाला मिडसमरचा, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सुमारास येणारा सण पहिल्या वर्षी बहुधा बंद दारेच दाखवतो. जूनच्या १९ ते २५ या तारखांमध्ये येणाऱ्या शुक्रवारी, म्हणजे सणाच्या पूर्वसंध्येला, स्टॉकहोममधील कचेऱ्या बंद असतात, बरीच दुकाने लवकर मिटतात किंवा उघडतच नाहीत, मद्यविक्रीचा सरकारी मक्ता असलेल्या सिस्टेमबोलागेटच्या दुकानांना कुलूप असते आणि शहरातील मंडळी गाड्या भरून उन्हाळी घरांकडे, आजोळी किंवा समुद्रातल्या लहान बेटांवर निघून जातात. कायद्याने सुट्टी फक्त दुसऱ्या दिवशीच्या शनिवारची असते; पण खरा सण शुक्रवारचाच, आणि त्या दिवशी काम करायला कुणी तयार नसते. हा सण मुळात घरचा आणि गावचा आहे. ज्याचे त्या देशात गाव नाही आणि ज्याला अजून कुणी घरी बोलावलेले नाही, त्याने त्या दिवशी काय करावे, या प्रश्नाचे मला सापडलेले सर्वांत चांगले उत्तर म्हणजे यूरगोर्डेन बेटावरचे स्कान्सेन हे खुले संग्रहालय. या लेखात त्याच्या मिडसमरविषयी आणि ओघाने तिथल्या राष्ट्रीय दिनाविषयी लिहीत आहे.

स्कान्सेन ११ ऑक्टोबर १८९१ रोजी लोकांसाठी खुले झाले. त्याचे संस्थापक आर्थर हॅझेलियस यांनी कारखानदारीच्या लाटेत खेड्यातले जुने जगणे झपाट्याने नाहीसे होताना पाहिले होते. वस्तू गोळा करून काचेच्या कपाटात ठेवणे त्यांना अपुरे वाटले, म्हणून त्यांनी देशाच्या निरनिराळ्या भागांतली घरेच्या घरे उतरवून आणली आणि राजधानीतल्या या टेकडीवर पुन्हा उभी केली. दालार्ना प्रांतातल्या मोरा गावचा लाकडी वाडा, पश्चिमेकडच्या वेस्टरयोटलंडमधून आणलेले, बाहेरून लाकडी फळकुटांनी मढवलेले सेगलोराचे अठराव्या शतकातले चर्च, पवनचक्की, उत्तरेकडच्या मूलनिवासी सामी लोकांची वस्ती, जुन्या शहरातल्या कारागिरांची गल्ली अशा सुमारे दीडशे वास्तू आज सुमारे ७५ एकरांत पसरलेल्या आहेत. घरांमधून त्या त्या काळाच्या पोशाखातले कर्मचारी चूल पेटवतात, भाकरी भाजतात, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देतात. काचकारखान्यात भट्टीसमोर उभे राहून काच फुंकताना पाहता येते. शिवाय अस्वले, एल्क, लांडगे, लिंक्स, सील असे उत्तरेकडचे प्राणी आहेतच, त्यामुळे लहान मुले कंटाळत नाहीत. ही सारी तयारी वर्षभर असते. पण मिडसमरच्या तीन दिवसांत ती घरे नुसती पाहण्याची राहत नाहीत, ती ज्या जगण्यासाठी बांधली गेली त्याचा सर्वांत मोठा दिवस त्यांच्या अंगणात साजरा होतो.

उत्सवाची जागा टिंग्सवालेन हे मोकळे कुरण. शुक्रवारी सकाळी तिथे एक लांबलचक लाकडी खांब आडवा ठेवलेला असतो आणि त्याच्याभोवती बर्चच्या कोवळ्या फांद्यांचे आणि रानफुलांचे ढीग पडलेले असतात. आडवे दांडे आणि त्यांना लटकणारी मोठी कडी पानांनी मढवायची, लाकूड कुठेही दिसू द्यायचे नाही, हे काम आलेल्या लोकांनी मिळून करायचे असते. इथेच स्कान्सेनचा मोठेपणा मला पहिल्यांदा जाणवला. तुम्ही प्रेक्षक आहात की यजमान, हे कुणी विचारत नाही. शेजारी बसलेली आजीबाई फांदी कशी वळवायची आणि दोरा कसा आवळायचा ते हातानेच दाखवते. भाषा येत नसली तरी काही अडत नाही. दुसरीकडे डोक्यावर घालायच्या फुलांच्या मुंडावळीसारख्या कड्यांची गुंफण चाललेली असते, आणि मुलींइतकेच मुलगे, तरुण बाप आणि आजोबाही ती डोक्यावर घालून मोकळेपणाने वावरतात. अविवाहित मुलीने त्या रात्री सात प्रकारची फुले न बोलता वेचून उशाखाली ठेवली की भावी जोडीदार स्वप्नात दिसतो, हा समज मला तिथे फुले गुंफतानाच ऐकायला मिळाला.

दुपारी खांब उभा करतात. माणसे दोन्ही बाजूंनी लांब काठ्यांच्या कैच्या लावतात, म्होरक्या आरोळी देतो, सगळे एकदम जोर करतात, खांब हातभर वर जातो, थांबतो, पुन्हा आरोळी होते. कोकणात शिमग्याला होळीचे झाड उभे करताना ज्यांनी खांदा दिला आहे, त्यांना ही आरोळी, तो थांबा आणि शेवटच्या उचलीचा तो जल्लोष वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. खांब सरळ झाला की व्हायोलिनवादक पुढे येतात. त्यांच्यासोबत निकेलहार्पा नावाचे वाद्यही असते. ते गजाने वाजवतात, पण सूर बोटांनी तारा दाबून नव्हे तर लाकडी चाव्यांनी काढतात. त्याचा भरलेला, किंचित गुंजणारा आवाज मोकळ्या मैदानातही दूरवर पोचतो. हे वाद्य जवळून ऐकायचे असेल, तर खांब उभा होण्याआधीच वादकांच्या बाजूला जागा धरावी.

मग नाच सुरू होतो. स्कान्सेनचे स्वतःचे लोकनृत्य पथक विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत आले आहे आणि त्यांचे जोडीनाच खरोखर पाहण्यासारखे असतात. पण दिवसाचा मान सर्वांच्या फेराला. खांबाभोवती एकात एक अशी हात धरलेल्या माणसांची वर्तुळे होतात आणि गाण्याच्या चालीवर कधी कपडे धुण्याचा, कधी वाद्ये वाजवण्याचा अभिनय होतो. सर्वांत लोकप्रिय नाच बेडकांचा. त्यात मोठी, प्रतिष्ठित माणसेसुद्धा कानांशी आणि पाठीमागे हात हलवत, बेडकांना कान नसतात, शेपटी नसते असे गात उड्या मारतात. हे नाच इतके सोपे आहेत की दुसऱ्या फेरीला परका माणूसही चुकत नाही, आणि चुकला तरी त्याचा हात कुणी सोडत नाही. स्वीडिश लोक अबोल असतात, अंतर राखून असतात, असे तिथे राहणारे आपले लोक अनेकदा म्हणतात. हिवाळ्याच्या अनुभवावर ते मत बनले असेल, तर त्यांनी एकदा या फेरात यावे, अशी माझी मनापासून शिफारस आहे.

जेवणाविषयी स्पष्ट लिहायला हवे. सणाचे ताट म्हणजे मोहरीच्या, कांद्याच्या अशा निरनिराळ्या रसांत मुरवलेला हेरिंग मासा, शेपू घालून उकडलेले नवे बटाटे, आंबट साय, चिरलेली कांद्याची पात आणि शेवटी स्ट्रॉबेरी. मासे खाणाऱ्यांना मुरवलेल्या हेरिंगचा गोडसरपणा पहिल्यांदा चमत्कारिक वाटतो; मोहरीच्या रसातला प्रकार आपल्या जिभेला लवकर रुचतो, म्हणून सुरुवात त्याने करावी. शाकाहारी माणसाचेही हाल होत नाहीत, कारण त्या हंगामातले पातळ सालीचे बटाटे आणि शेपू हेच या ताटातले खरे सौभाग्य आहे. तरीही डबा घरून न्यावा. कुरणावर चादर अंथरून घरचे खाणारी कुटुंबे तिथे जागोजाग दिसतात, आणि सणाच्या दिवशी आवारातल्या उपाहारगृहांपुढच्या रांगेत उभे राहण्यात नाचाचा वेळ जातो. कुरडया, शंकरपाळे असे काही जवळ असेल तर शेजारच्या चादरीशी देवाणघेवाण सहज होते.

आता राष्ट्रीय दिनाविषयी. ६ जून १५२३ रोजी गुस्ताव वासा यांची राजा म्हणून निवड झाली आणि त्याच तारखेला १८०९ मध्ये देशाने नवी राज्यघटना स्वीकारली. या दिवसाला उत्सवाचे रूप देण्यातही हॅझेलियस यांचाच पुढाकार होता. १८९० च्या दशकात त्यांनी स्कान्सेनमध्ये तो साजरा करायला सुरुवात केली. पुढे १९१६ पासून तो ध्वजदिन झाला, १९८३ मध्ये अधिकृत राष्ट्रीय दिन झाला आणि सार्वजनिक सुट्टी मिळायला २००५ साल उजाडले. तीही पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतरच्या सोमवारची जुनी सुट्टी रद्द करून. परंपरेप्रमाणे राजा-राणी घोड्यांच्या बग्गीतून स्कान्सेनला येतात, सोलिडेनच्या रंगमंचावर गाणी आणि भाषणे होतात, राजघराण्यातल्या स्त्रिया निळ्यापिवळ्या राष्ट्रीय पोशाखात असतात. राणी सिल्विया यांनी १९८३ च्या या दिवशी तो परिधान केल्यापासून त्याला हा मान मिळाला. सोहळा देखणा आणि नेटका असतो, आणि ज्यांना नुकतेच नागरिकत्व मिळाले आहे त्यांच्यासाठी देशभरातल्या नगरपालिका त्या सुमारास स्वागतसमारंभ करतात, ही प्रथा मला फार मोलाची वाटते. तरीही ६ जूनला आपण दोरीच्या अलीकडे उभे राहून पाहतो आणि मिडसमरला दोरीच नसते. दोनांपैकी एकाच दिवसाचे तिकीट काढणे शक्य असेल, तर ते मिडसमरचे काढावे. सरकारने ठरवलेल्या दिवसाला लोकांच्या अंगात मुरायला शतक लागते. जो सण लोक आधीपासूनच पाळत आले आहेत, त्याची तारीख हलवली तरी काही बिघडत नाही. स्वीडनने १९५३ पासून २३ जूनची ठरलेली पूर्वसंध्या सोडून ती जवळच्या शुक्रवारी आणली, आणि खांबाभोवतीची गर्दी तेवढीच राहिली.

ही मूळ तारीख आपल्यालाही परकी नाही. २४ जून हा बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाचा जन्मदिन. गोव्यात त्याच दिवशी सांजांव होते, डोक्यावर फुलापानांची कोपेलां घालून माणसे विहिरींत उड्या घेतात, नव्या जावयांचा मान होतो. एका ठिकाणी पाऊस नुकताच लागलेला आणि विहिरी भरत आलेल्या, दुसऱ्या ठिकाणी रात्र जवळजवळ नाहीशी झालेली. त्यामुळे एकाच संताच्या दिवसाला गोव्यात पाणी लाभले आणि उत्तरेत प्रकाश. डेन्मार्क, फिनलंड, एस्टोनिया, लात्व्हिया या देशांत याच सुमारास शेकोट्या पेटतात. फिनलंडने तर हा दिवस आपला ध्वजदिनही मानला. एस्टोनियात २३ जून हा १९१९ च्या लढाईतल्या विजयाचा स्मृतिदिन असल्याने राष्ट्राध्यक्ष ज्योत पेटवतात आणि ती जिल्ह्याजिल्ह्यांत नेली जाते. स्वीडनमध्ये मात्र मिडसमरला शेकोटीपेक्षा खांबाचे महत्त्व आहे, म्हणून अग्नी पाहण्याच्या अपेक्षेने स्कान्सेनला जाऊ नये.

आणखी काही अपेक्षा आधीच सोडाव्यात. हे खेडे नाही. राजधानीतले, तिकीट काढून जायचे ठिकाण आहे, आणि शुक्रवारी दुपारी तिथे देशोदेशीच्या पर्यटकांची प्रचंड दाटी असते. दालार्नातल्या सिलियान सरोवराकाठच्या गावांत हा सण ज्या संथपणे आणि ओळखीच्या माणसांत होतो, तो संथपणा इथे मिळणार नाही. कुणी आपल्या गावी बोलावले, तर स्कान्सेन सोडून तिकडेच जावे, असेही मी म्हणेन. पण तसे बोलावणे प्रत्येकाला मिळत नाही, आणि ज्यांना ते मिळत नाही त्यांच्यासाठी शहराने इतके खुले अंगण राखून ठेवावे, ही साधी गोष्ट नाही. सूत्रसंचालन बहुतांशी स्वीडिशमध्ये असते, पण खांब आणि नाच समजायला त्याची गरज पडत नाही.

कोणत्या दिवशी जावे, हे बरोबर कोण आहे त्यावर ठरवावे. खांब सजवणे आणि उभा करणे पाहायचे असेल, तर शुक्रवारला पर्याय नाही. मात्र सकाळी दारे उघडताच आत असावे. लहान मुले किंवा भारतातून आलेले वयस्कर आईवडील बरोबर असतील, तर शनिवार किंवा रविवार अधिक सुखाचा जातो, कारण नाच आणि संगीत तेव्हाही चालू असते आणि घरांमध्ये शांतपणे फिरता येते. टेकडीचा चढ गुडघ्यांना जाणवतो; मुख्य दाराशी सरकता जिना आहे आणि हॅझेलियस यांच्या नावाच्या दाराशी रुळांवरून वर नेणारी छोटी गाडी आहे, त्यांपैकी एकाचा उपयोग करावा. शहराच्या मध्यातून ७ क्रमांकाची ट्राम थेट दाराशी येते, तर स्लुस्सेनहून सुटणारी बोट पाण्यावरून यूरगोर्डेनला आणते; हवा चांगली असेल तर बोटच घ्यावी. सणाच्या दिवशी वाहनांचे वेळापत्रक सुट्टीचे असते, म्हणून ते आदल्या दिवशी पाहून ठेवावे, आणि खाण्याचे सामान गुरुवारीच आणावे. मिडसमरला पाऊस येतोच, असे तिथले लोक गृहीत धरून चालतात आणि पावसातही फेर मोडत नाहीत, तेव्हा रेनकोट आणि एक जाड स्वेटर अवश्य न्यावा. सूर्य रात्री दहानंतर मावळतो. मुलांची झोपेची वेळ त्या दिवसापुरती विसरून संध्याकाळच्या नाचासाठी थांबावे.