हलकी ट्रॅक कार: पैसे वसूल होतात का? दोन सीझन चालवून झाल्यावर

आधी मत सांगतो, मग कारणं. वर्षाला आठ-दहा ट्रॅक डे (म्हणजे रेस ट्रॅकवर आपली गाडी पळवायचे दिवस) करत असाल तर घ्या, पैसे नक्की वसूल होतात. दोन-तीनच होत असतील तर नका घेऊ, गाडी गॅरेजमध्ये कव्हरखाली पडून राहील आणि जीव हळहळेल.

माझी केटरहॅम सेव्हन, २७० मॉडेल, सेकंडहँड घेतलेली. फोर्डचं १.६ लीटर सिग्मा इंजिन, १३५ बीएचपी, वजन साधारण ५४० किलो. १३५ आकडा ऐकून बरेच जण तोंड वाकडं करतात की एवढे पैसे मोजून एवढीच पॉवर? पण भागाकार करून बघा, टनामागे २५० पडतात. डिझाइन मुळात लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन याच्या लोटस सेव्हनचं, १९५७ चं, १९७३ मध्ये ते केटरहॅम कंपनीकडे आलं आणि आजही गाडी दिसायला जवळपास तशीच आहे. इतक्या जुन्या गाडीला इतके पैसे कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता, त्याचं उत्तर मला ब्रेक पेडलवर मिळालं.

आधी मी १७०० किलोची स्पोर्ट्स सेडान घेऊन जायचो. सरळ पट्ट्यात काय पळायची ती, विचारू नका. पण पाचव्या लॅपला पेडल मऊ पडायला लागायचं, सहाव्याला पाय नुसता खाली खाली जायचा, पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यावर) आलं की ब्रेक पॅड जळल्याचा तो वास आणि मग गाडी थंड व्हायची वाट बघत उभं राहायचं, तेवढ्यात सेशन संपलेलं असायचं. ब्रेक मारला की गाडीचा सगळा वेग ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन उतरतो, आणि त्याच स्पीडवरून थांबायचं तर ड्रायव्हर धरून १७८० किलोची गाडी ६२० किलोच्या गाडीपेक्षा जवळपास तिप्पट उष्णता तयार करते. त्यात ब्रेक फ्लुइड जुनं असेल तर त्यात हवेतलं पाणी मुरलेलं असतं, ते लवकर उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि तुमचा पाय डिस्कवर दाब टाकायच्या ऐवजी ते बुडबुडे दाबत बसतो. सेडानचे पुढचे पॅड दोन ट्रॅक डेमध्ये संपायचे, टायरचे बाहेरचे खांदे तर एका दिवसात खाल्ले जायचे. सेव्हनचे पुढचे पॅड सीझन संपल्यावर काढून व्हर्नियरने मोजले तर निम्म्याहून जास्त शिल्लक होते, मी दोनदा मोजले कारण पहिल्यांदा विश्वासच बसला नाही. गाडी महाग वाटते ती शोरूमच्या किमतीमुळे, पण एका दिवसात किती लॅप मिळाले आणि त्यात काय काय झिजलं हा हिशोब धरला तर चित्र एकदम पालटतं.

आणि चालवायला कशी आहे हे तर लिहून पुरणार नाही. पॉवर स्टिअरिंग नाही, पुढच्या टायरची पकड सुटायच्या आधीच चाक हातात हलकं लागतं, म्हणजे गाडी आधी सांगते मग घसरते. ऐंशी किलोचा मित्र शेजारी बसला तर लगेच फरक, ब्रेक अलीकडे मारावा लागतो.

पण हलकेपणा काही फुकट मिळत नाही. सुरुवातीला मी एका वर्कशॉपमध्ये कोणत्या चाकावर किती भार यावा, ते चारही चाकांवरचं वजन सेट करून घेतलं आणि त्यांनी ते सीट रिकामी ठेवून केलं. मोठ्या गाडीत कदाचित चाललं असतं, इथे ड्रायव्हर म्हणजे गाडीच्या वजनाचा सातवा हिस्सा! वळणात शिरताना जोरात ब्रेक मारला की आतलं पुढचं चाक लॉक व्हायचं, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, त्यामुळे टायरवर तळहाताएवढा सपाट डाग पडला आणि पुढच्या प्रत्येक लॅपला स्टिअरिंग थडथडत राहिलं. टायरचा सेट गेला. दुसऱ्यांदा सेटिंग केलं तेव्हा मी स्वतः सीटवर बसून राहिलो, तिथून त्रास बंद.

बाकी तोटे पटापट. एअरबॅग नाहीत, हा मला सगळ्यात मोठा तोटा वाटतो, चांगला रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा पिंजरा) आणि हार्नेस (खांद्यांवरून येणारे सीटचे पट्टे) यावर कंजुषी करू नका. लांब सरळ पट्ट्यावर हवा अडवते, शंभर-दीडशे बीएचपी जास्त असलेले निघून जातात, त्यांना मग वळणात गाठायचं. पाऊस आला की अंघोळ. ट्रेलर लागतो, तो ठेवायला जागा लागते. नेहमीच्या इन्शुरन्समध्ये ट्रॅकवरचं नुकसान बहुतेक वेळा धरत नाहीत, पॉलिसी नीट वाचा.

दुसरं काय घेता येईल? एरियल ॲटम ४ मध्ये शेजारी बसून दोन लॅप मारलेत, होंडाचं टर्बो इंजिन, ३२० बीएचपी, ५९५ किलो, तो वेग वेगळाच आहे पण शिकणाऱ्याला तो जास्त होईल आणि किंमतही फार वर जाते. लोटस एलिस मला मनापासून आवडते, १९९६ मध्ये आली तेव्हा तिची ॲल्युमिनियमची चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, फक्त ६८ किलोची होती, चिकटवून जोडलेली. पण तीच गोष्ट ठोकल्यावर महागात पडते, चॅसीला मार लागला तर दुरुस्ती अवघड, सेव्हनचे स्टीलचे पाइप कापून वेल्ड तरी करता येतात. उत्पादन २०२१ मध्ये थांबलं, त्यामुळे आता जुनीच शोधावी लागते. आणि वर्षाला दोन-तीन दिवसच जमत असतील तर सरळ माझदा एमएक्स-५ बघा, हजार किलोच्या आसपास, छप्पर आहे, एबीएस आहे, चालवत जा, चालवत परत या, फक्त चांगले पॅड आणि ताजं फ्लुइड टाका.

माझी सेडान आता फक्त ट्रेलर ओढते. पुढच्या महिन्यात सीझन सुरू होतोय, पॅड तेच जुने ठेवतोय, फ्लुइड बदललंय, मागचे दोन टायर नवीन मागवलेत.