तांब्याच्या भावात ॲल्युमिनियम

महाप्याच्या एमआयडीसीत अठ्ठावीस वर्षं मेंटेनन्स फिटर म्हणून काढली. कूलिंग टॉवर, हीट एक्स्चेंजर, पंप, ग्लँड, गळती, याच्यापलीकडे फार काही केलं नाही. त्यामुळे पाणी खेळवून यंत्र थंड ठेवायच्या कामात तरी आपल्याला कोणी टोपी घालणार नाही, अशी घमेंड होती. घातली. तीही माझ्या मुलाहून चारपाच वर्षांनी मोठ्या पोराने.

मुलगा थ्रीडी ॲनिमेशन शिकतो. घणसोलीतली आमची खोली पश्चिमेची. दुपारी त्याने रेंडर, म्हणजे चित्रांचा व्हिडिओ तयार करायचं काम, लावलं की खोलीची भट्टी होते आणि पंख्यांचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा. त्याला कॉम्प्युटरला वॉटर कूलिंग करायचं होतं, पहिल्यांदाच. दोन महिने वहीत आकृत्या काढत होता: प्रोसेसरवर एक ब्लॉक (आतून पाणी खेळणारा, उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा), ग्राफिक्स कार्डावर एक, १२० मिलिमीटरचे तीन पंखे बसतील असा ३६०चा रेडिएटर, जोडीला २४०चा, पंप, टाकी, मऊ नळ्या. त्याचा हिशोब चोख होता. चुकलो ते आम्ही माणसात.

कोपरखैरण्यात सिडकोच्या एका रो-हाऊसमध्ये हा पोरगा लूप, म्हणजे पाणी फिरवणारी ही सगळी जोडणी, बांधून देतो असं मुलाच्या मित्राकडून कळलं. खालच्या खोलीत दिव्यांनी झगमगणारे दोन कॅबिनेट, काचेत गुलाबी पाणी फिरतंय. बोलायला गोड. "काका, मे महिन्यातसुद्धा मशीन पंचवीस डिग्रीवर राहील, लिहून देतो."

इथेच उठून यायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात कूलिंग टॉवर. टॉवरमध्ये पाणी बाहेरच्या हवेपेक्षा थंड होऊ शकतं, कारण त्यातलं थोडं वाफ होऊन उडतं. आपल्या माठाचं तेच. कॉम्प्युटरचा लूप मात्र चारी बाजूंनी बंद. त्यातली उष्णता रेडिएटरमधून खोलीच्या हवेतच जाते, म्हणून पाणी खोलीपेक्षा थंड होणं शक्य नाही. खोली तेहतीसवर असेल तर पाणी तेहतिसाच्या वरच. हे घरी येऊन जेवताना लक्षात आलं, तरी गप्प बसलो. कॉम्प्युटर हा मुलाचा प्रांत, आपण म्हाताऱ्याने कशाला मध्ये तोंड घाला!

दुसरी खूण तर माझ्या डोळ्यांदेखत घडली. "दोन्ही रेडिएटर फुल कॉपर," म्हणत त्याने काळ्या रंगाच्या रेडिएटरला लोहचुंबक लावलं. "बघा, चिकटत नाही." लोहचुंबक ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही, हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. मी मान डोलावली.

एकूण ६४,००० ठरले, ४०,००० आगाऊ. यूपीआयवर खात्याचं नाव वेगळंच दिसलं. म्हणाला, मेव्हण्याचं आहे. बिल मागितलं तर, "बिल हवं असेल तर अठरा टक्के जीएसटी वर लागेल काका, कशाला?" अकरा हजार वाचले म्हणून मीही खूश. या एका वाक्यात अर्धी फसवणूक आहे आणि त्यात अर्धा वाटा माझा, हे कबूल करतो.

मशीन आलं, सुरू झालं, आवाज खरंच कमी झाला. ग्राफिक्स कार्ड रेंडरला साठ डिग्रीच्या आसपास राहायचं. चौथ्या महिन्यात ते ऐंशीपार जायला लागलं. टाकीच्या तळाशी पांढरा, साबुदाण्याच्या पेजेसारखा गाळ दिसला. मग एका सकाळी कॅबिनेटच्या बुडाशी ओल. थेंब रेडिएटरमधून पडत होता. नशिबाने कार्डावर नाही.

सगळं उतरवलं. ब्लॉक खरोखर तांब्याचे होते आणि त्यांच्या केसाएवढ्या बारीक फटी गाळाने बुजलेल्या. रेडिएटरच्या पत्र्यावर सुरी घासली तर काळ्याखाली लालसर नाही, पांढरा चमकदार धातू. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे तागडीत टाकला: ३६०चा रेडिएटर पाऊण किलोसुद्धा भरला नाही. मुलाच्या मित्राचा त्याच मापाचा तांब्याचा किलोच्या वर भरतो. तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड. माझ्या हाताला हे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं, पण मी रेडिएटर हातात घेतलाच नव्हता.

एकाच पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम आलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. तुमच्या गीझरमध्ये मॅग्नेशियमचा रॉड असतो तो याचसाठी: त्याने झिजावं आणि टाकी वाचावी. आमच्या लूपमध्ये रॉडचं काम रेडिएटरने केलं. म्हणून दोन्ही धातू एकत्र करू नयेत. रेडिएटर तांबं-पितळेचे, ब्लॉक तांब्याचे, फिटिंग पितळेची, असा सगळा संच एका कुळातला घ्यावा.

कूलंटची कथा वेगळी. २,२०० रुपये लिटरचं 'इम्पोर्टेड'. बाटलीवरचं स्टिकर ओल्या बोटाने सुटलं आणि खाली गाडीच्या इंजिन कूलंटचं लेबल निघालं. गाडीचं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये पातळ करून वापरणारे लोक आहेत, ते काही पाप नव्हे. तीनशेच्या मालाचे बावीसशे घेणं मात्र आहे.

फोन केला तर, "काका, तुम्हीच नळाचं पाणी टाकलं असणार." नंतर फोन उचलणं बंद. कोपरखैरण्याला गेलो तर कुलूप. शेजारच्या मावशी म्हणाल्या, भाडेकरू होता, दिवाळीच्या आधीच गेला. अजून दोघेजण शोधत येऊन गेले.

बिल नव्हतं, पण 'दोन्ही रेडिएटर फुल कॉपर' हा त्याचा व्हॉट्सॲप मेसेज आणि यूपीआयच्या पावत्या मुलाने ठेवल्या होत्या. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. आता ठाणे जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. पैसे भरून माल आलाच नसेल तर मात्र वाट न बघता लगेच १९३० लावा. तो सायबर फसवणुकीचा नंबर आहे. आमच्याकडे माल आला होता, खोटा का होईना.

लूप आता आम्हीच पुन्हा बांधला. कारखान्यात हायड्रो टेस्टशिवाय, म्हणजे पाण्याच्या दाबाने गळती तपासल्याशिवाय, एक पाइप चालू केला नाही आणि त्या पोराने मात्र मशीन आणून थेट बटण दाबलं होतं, मी बघत होतो. या वेळी पॉवर सप्लायच्या बाकी सगळ्या केबल काढल्या, मदरबोर्डाशिवाय सप्लाय सुरू व्हावा म्हणून मोठ्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी तार जोडून फक्त पंप चालवला, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवला आणि चोवीस तास तसाच सोडला. टिश्यू कोरडे निघाले, तेव्हाच मदरबोर्डाची केबल लावू दिली.

रेडिएटर लॅमिंग्टन रोडवरून आणला. दुकानदाराला म्हटलं, वजन करून दाखवा. तो हसला, मग आतून पार्सलचा काटा घेऊन आला. मी बिलावर 'कॉपर' लिहून मागितलं. त्याने लिहिलं, वर शिक्का मारला. अठरा टक्के गेले.