यूएएसपी केसिंग: जास्त पैसे मोजून घेतलं आणि तेच बंद केलं

परवाच्या बॅकअपने पुन्हा मान टाकली असती, तर ही केसिंग गच्चीवरून भिरकावली असती. टाकली नाही, म्हणून लिहितोय.

अडीच इंची डिस्कची यूएसबी ३.० केसिंग, प्लास्टिकची, निळा दिवा. कशी असते ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच दुकानात साधी केसिंग २५० रुपयांनी स्वस्त होती. मी महागडी उचलली, कारण खोक्यावर सोनेरी अक्षरांत ‘यूएएसपी’ (किंवा नुसतं यूएएस: यूएसबीवरून डिस्कशी बोलायची नवी, वेगवान पद्धत) छापलं होतं. हे २५० रुपये मला अजून टोचतात.

सुरुवात झकास. रास्पबेरी पाय ४ या लिनक्सवर चालणाऱ्या चिमुकल्या कॉम्प्युटरला जोडली, आत जुन्या लॅपटॉपची डिस्क, रोज रात्री आरसिंकने बॅकअप. मग एका सकाळी बघतो तर डिस्क रीड-ओन्ली, लिहिणं बंद. डीमेसेज (कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, नोंदवही) उघडलं: यूएएसचा अबॉर्ट, मग ‘रीसेट सुपरस्पीड यूएसबी डिव्हाइस’, पुन्हा अबॉर्ट, पुन्हा रीसेट, शेवटी फाइलसिस्टीमने हात वर केले. कर्नल एका कमांडच्या उत्तराची ३० सेकंद वाट बघतो, मग ती रद्द करायला सांगतो. तरीही चिप गप्पच राहिली तर रीसेट.

आधी संशय विजेवर. पाय ४ चे चारही पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात, म्हणून अडॅप्टरवाला हब लावला. केबल बदलली. फरक शून्य. डिस्क डेस्कटॉपच्या साटा पोर्टला थेट लावली तर ठणठणीत. म्हणजे घोळ केसिंगमधल्या ब्रिज चिपचा, जी साटा आणि यूएसबी यांच्यात दुभाषाचं काम करते. कस्टमर केअरचं उत्तर: ‘सर, विंडोजवर फॉरमॅट करून बघा.’ बघितलं असतं, पण घरात विंडोज आहेच कुठे?

यूएएसमध्ये कर्नल अनेक कमांड रांगेत देऊन मोकळा होतो. जुन्या बल्क-ओन्ली पद्धतीत एक कमांड, तिचं उत्तर आलं की मगच पुढची. या चिपला रांग झेपत नाही, पण जोडताना ती बेधडक ‘झेपते’ म्हणते, आणि कर्नल बिचारा विश्वास ठेवतो. अशा थापाड्या चिपांसाठी लिनक्सच्या सोर्समध्ये ‘अनयूज्वल यूएएस’ नावाची वेगळी फाइलच आहे: कोणाला काय द्यायचं नाही याची यादी. माझी केसिंग तीत नव्हती. मग पायच्या सीएमडीलाइन फाइलमध्ये (बूट होताना कर्नलला द्यायच्या सूचना), आहे त्याच ओळीत, यूएसबी-स्टोरेजच्या क्वर्क्स या पॅरामीटरमध्ये वेंडर आयडी, प्रॉडक्ट आयडी आणि शेवटी ‘यू’ हे एक अक्षर टाकलं. अर्थ: याच्याशी यूएएस बोलू नको. रीबूट केलं, आणि तेव्हापासून एकही रीसेट नाही. वेग? फिरती डिस्क तशीही सेकंदाला शंभरेक एमबीच्या पुढे जात नाही, मोठ्या फाइलींना फरक कळतसुद्धा नाही. म्हणजे ज्यासाठी जादा पैसे दिले तेच बंद केल्यावर वस्तू चालली.

एक तारा देऊन विषय संपवणार होतो. तेवढ्यात वॉरंटीतली बदली केसिंग आली. जुनी त्यांनी मागितलीच नाही. खोकं तेच, आयडीही तेच. फक्त एलएसयूएसबी या कमांडने दाखवलेला बीसीडी-डिव्हाइसचा, म्हणजे आवृत्तीचा, आकडा पुढचा. डेस्कटॉपला लावली, मुद्दाम आत एसएसडी टाकली आणि रात्रभर एफआयओ (डिस्कला दमवून वेग मोजणारा प्रोग्रॅम) चालवलं, तेही यूएएसवर. एक रीसेट नाही! बारीक फाइलींचा वेग तर सुखद धक्का देणारा. हीच केसिंग पायला लावली की मात्र माझा ‘यू’ तिलाही चिकटतो, कारण त्या पॅरामीटरमध्ये आवृत्ती लिहायची सोय नाही. कर्नलच्या आतल्या यादीत ती सोय आहे, पण तिथेही बऱ्याच नोंदी ०००० ते ९९९९ अशा, म्हणजे सरसकट सगळ्या आवृत्त्यांना. सुधारलेल्या चिपलाही मग जुन्या भावंडाची शिक्षा.

आत कुठली आवृत्ती आहे ते खोक्यावर का छापत नाही, असं कंपनीला विचारलं. ‘सर, प्रॉडक्ट तेच आहे.’

तारे तीन. घेणारच असाल तर रिटर्नची मुदत संपायच्या आत शे-दोनशे जीबीची कॉपी लावा आणि शेजारी डीमेसेज उघडं ठेवा. पहिला रीसेट दिसला की सरळ परत करा, कस्टमर केअरशी बोलत बसू नका.