मराठी टायपिंग: फोनेटिक की इनस्क्रिप्ट?

नारायण पेठेतल्या माझ्या डीटीपीच्या टेबलाशी दर आठवड्याला कुणी ना कुणी हा प्रश्न घेऊन येतंच. परवा सिंहगड रोडवरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी आले होते, वय सत्तरीच्या आसपास. सोसायटीची नोटीस आधी मोबाइलवर लिहायची, स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करायची आणि मग कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, असा त्यांचा द्राविडी प्राणायाम वर्षभर चालला होता. "ताई, थेट कॉम्प्युटरवर मराठी लिहायचं तर कुठलं सॉफ्टवेअर टाकू?" काका, काहीच टाकू नका. दोन चांगले कीबोर्ड विंडोजमध्ये आयतेच आहेत: रोमन अक्षरांतून मराठी लिहायचा फोनेटिक, आणि कळांवर थेट देवनागरी अक्षरं असलेला इनस्क्रिप्ट. त्यातला कुठला घ्यायचा तेवढं ठरवायचं.

आधी ते चालू करून घ्या. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन असं जाऊन मराठी भाषा जोडायची. नुसतं 'मराठी' नावाचा जो कीबोर्ड येतो तो इनस्क्रिप्ट. भाषेच्या ऑप्शन्समध्ये जाऊन 'मराठी फोनेटिक'ही जोडता येतो. पुढे विंडोज की धरून स्पेसबार दाबला की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. माउसला हात लावायची गरज नाही.

फोनेटिक तुम्हाला ओळखीचा वाटेल, कारण मोबाइलवर बहुतेकांची सवय तीच असते. रोमन अक्षरांत लिहायचं आणि समोर येणाऱ्या यादीतून शब्द निवडायचा. २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या अपडेटपासून तो आलाय. शिकायला दहा मिनिटं पुरतात, आणि ही मोठी गोष्ट आहे. ज्याला आजच संध्याकाळी नोटीस लावायची आहे त्याला तीन आठवडे सराव करा म्हणून सांगण्यात अर्थ नाही.

अडचण यादीत आहे. 'के-ए-एल' एवढी तीन अक्षरं टाइप करा. तुमच्या मनात कल आहे, कळ आहे, काल आहे की काळ, हे यंत्राला कसं कळणार? रोमन लिपीत ळ नाही, ण नाही, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही. म्हणून दर दोन-चार शब्दांनी नजर कागदावरून उठून यादीवर जाते. नोटिशीच्या दहा ओळींत हे खपून जातं. शंभर पानांच्या हस्तलिखितात मान आणि डोळे दोन्ही जातात. घाईत यादीतला चुकीचा शब्द उतरला तर तो स्पेलिंगची चूक म्हणूनही दिसत नाही, कारण 'दिन' आणि 'दीन' दोन्ही शब्द खरेच आहेत. एका स्मरणिकेत 'दीनविशेष' असं छापून आलेलं मी पाहिलंय. फार वाईट वाटलं.

इनस्क्रिप्टची रचना १९९१ सालच्या भारतीय मानकात आहे, आणि आपल्या पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने भारतीय भाषांची सॉफ्टवेअरं घडवली त्यांतही ती होती. पहिल्यांदा पाहिली की ती अवघड वाटते. पण जरा थांबून नीट बघा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. 'एफ'वर ह्रस्व वेलांटी आणि बरोबर तिच्या डोक्यावर, 'आर'वर, दीर्घ. 'जी'वर पहिला उकार, वर 'टी'वर दुसरा. उजवीकडे 'के'वर क, शिफ्ट धरलं की ख. त्याच्या वरच्या 'आय'वर ग, शिफ्ट धरलं की घ. त-थ-द-ध, प-फ-ब-भ यांचंही तसंच. शाळेत पाठ केलेले वर्गच कीबोर्डवर मांडलेत. हे कळलं त्या दिवशी मला खरंच आनंद झाला होता, आणि शिकवताना मी पहिल्यांदा हेच दाखवते.

ज्ञानेश्वर लिहायला रोमनमध्ये अकरा कळा लागतात, इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट सोडून आठ. ज्ञ तर शिफ्ट आणि ५ वर अख्खा मिळतो, क्ष शिफ्ट आणि ७ वर. 'दुसऱ्या', 'कऱ्हाड' यांतल्या ऱ्य-ऱ्हसाठी शिफ्ट आणि 'जे' दाबून ऱ घ्यायचा, मग 'डी'वरचा हलन्त (अक्षराचा पाय मोडायची खूण), मग य किंवा ह. आडनावं, गावांची नावं, बोलीतले शब्द, जे कुठल्याच यादीत नसतात, तेही मनात आले तसे उतरतात.

किंमतही सांगते. मला रोज अर्धा तास देऊन तीन आठवडे लागले आणि पहिल्या आठवड्यात वेग इतका खाली आला की कामं मागे पडली. कीबोर्डवर स्टिकर लावू नका. बोटं शिकतच नाहीत, डोळे खालीच राहतात. त्यापेक्षा विंडोज, कंट्रोल आणि 'ओ' एकत्र दाबा. पडद्यावर कीबोर्ड येतो, त्यावर मराठी अक्षरं दिसतात. तो समोर ठेवून सराव करा.

टायपिंगच्या क्लासात रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या रचनेवर, हात बसलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे. ती रचना विंडोजमध्ये मराठीसाठी आयती मिळत नाही, बाहेरून टाकावी लागते. बसलेला वेग असेल तर ती सोडायला मी सांगणार नाही, फक्त युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना सारख्याच कळणाऱ्या अक्षर-संकेतांत, लिहा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नुसती चिन्हं होऊन बसतो. एका प्रकाशकाकडून आलेली अशी फाइल मला पूर्ण नव्याने टाइप करावी लागली होती.

काकांना मी फोनेटिक जोडून दिला. महिन्याला दोन नोटिसा, त्यांतही निम्मा मजकूर तोच. त्यासाठी विंडोज आणि 'व्ही' दाबून क्लिपबोर्डची हिस्टरी, म्हणजे कॉपी केलेल्या मजकुराची यादी, चालू करून दिली आणि सोसायटीचं नाव, पत्ता, 'आपला विश्वासू' हे तिथे पिन करून ठेवलं. आता ते एका टिचकीसरशी येतं. त्यांची सून मात्र भाषांतराची कामं करते, रोज पाच-सहा पानं. तिला मी इनस्क्रिप्टच सांगितलंय, आणि सुरुवात 'एफ' आणि 'जे' या उंचवटा असलेल्या दोन कळांपासून करायला: एकीवर वेलांटी, दुसरीवर र.